दगडावरचा एक आणि नऊ

माझ्या चुलत भावाच्या वहीत पणजीच्या मृत्यूचं साल १९११ असं लिहिलेलं होतं. तिचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, १९१४ साली जन्मले. ही दोन्ही सालं एकाच पानावर, एकाखाली एक, वीस वर्षं पडून होती आणि घरात कुणालाही ती खटकली नव्हती.

मी नोकरीतली सगळी वर्षं हिशेबतपासणीत घालवली. जमाखर्चाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर मला रात्री झोप लागायची नाही. निवृत्तीनंतर भावाने ती वही हातात दिली आणि म्हणाला, ‘ताई, आता तूच बघ हे.’ मी पहिल्यांदा त्या पानावर आले तेव्हा तीच जुनी अस्वस्थता परत आली. आई आधी वारली आणि मूल तीन वर्षांनी जन्मलं, असं कसं होईल? आजोबांचं साल पक्कं होतं, त्याला शाळेचा दाखला होता. म्हणजे चूक १९११ मध्ये होती, आणि ते साल भावाने थेट कबरीवरच्या दगडावरून उतरवून घेतलेलं होतं.

‘दगडावर आहे म्हणजे बरोबरच असणार,’ असं तो म्हणाला. वंशावळ जुळवणाऱ्या माणसांच्या तोंडून हे वाक्य मी नंतर फार वेळा ऐकलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

भाऊ तिथे गेला होता तो भर दुपारी. दगडाच्या तोंडावर ऊन, पांढरा संगमरवर आणि उथळ झालेली अक्षरं. अशा उजेडात कोरीव काम वाचताच येत नाही, कारण अक्षर दिसतं ते खाचेत पडणाऱ्या सावलीमुळे, आणि समोरून येणारा उजेड ती सावलीच पुसून टाकतो. मी सकाळी सूर्य जेमतेम वर आलेला असताना पोचले. सोबत अंगाएवढा नाही, पण बऱ्यापैकी मोठा आरसा नेला होता. तो दगडाच्या बाजूला धरून ऊन पृष्ठभागावरून तिरपं सरकवलं की पुसट वाटणाऱ्या ओळी वर उठून येतात. ढगाळ दिवस असेल किंवा झाडाची सावली असेल तर हेच काम विजेरी करते. ती दगडाला जवळजवळ टेकवून, कडेने उजेड पाडायचा. खर्च काही नाही आणि दगडाला हातही लावावा लागत नाही.

सालाचा शेवटचा आकडा तरीही पुसटच होता. देवनागरीतला एक आणि नऊ हे झिजल्यावर एकमेकांचे जुळे भाऊ होतात. नऊला जो एक जास्तीचा बाक असतो तो गेला की उरतो तो एकच. मग मी त्या आकड्याकडे बघायचं सोडलं आणि त्याच पाथरवटाने त्याच दगडावर कोरलेले दुसरे एक आणि नऊ शोधले. सालातच दुसऱ्या जागी नऊ होता. खाली वयाच्या ओळीत ‘२९ वर्षे’ होतं, तिथे आणखी एक. आडोशाला असल्यामुळे तो चांगला टिकला होता. प्रत्येक कारागिराच्या हाताची एक सवय असते. याने नवाची शेपटी ओळीच्या खाली उतरवली होती आणि एकाची ओळीवरच थांबवली होती. सालाचा शेवटचा आकडा ओळीच्या खाली उतरत होता. ७ फेब्रुवारी १९१९.

मी तिथेच गवतात बसून ते तीनदा लिहून काढलं.

दगड कोणता आहे यावर तो किती वाचता येईल हे अवलंबून असतं, हे मला आधी माहीत नव्हतं. संगमरवर हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट. पावसात थोडीशी जरी आम्लता असली तरी तो विरघळत जातो, पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो आणि अक्षरांच्या कडा गोल होतात. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात, आणि कधी कधी सगळी ओळच एका तुकड्याबरोबर गळून पडते. याउलट पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, अडीचशे-तीनशे वर्षांनीही काल कोरल्यासारखा दिसू शकतो. ग्रॅनाइट तर हटतच नाही, पण त्यात खोल कोरणं हाताने अवघड, त्यामुळे तो यंत्रं आल्यावरच सर्रास वापरात आला. अमेरिकेत १८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत जस्ताचे पोकळ स्तंभही ओतले जात. ‘व्हाइट ब्राँझ’ या नावाने ते विकले जायचे. निळसर राखाडी रंगाच्या त्या स्तंभांवरची अक्षरं आजही बोटाला टोचतील इतकी धारदार आहेत. मी त्यांचे फोटो पाहिले तेव्हा मला पणजीच्या संगमरवराबद्दल फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं तरी काही गोष्टी करायच्या नाहीत म्हणजे नाहीत. तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही, ॲसिड नाही, अक्षरं उठून दिसावीत म्हणून दाढीचा फेस किंवा पीठ चोळणं नाही. पीठ खाचेत राहतं, ओल धरतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. फेसातली रसायनं दगडाच्या छिद्रांत मुरतात. कागद ठेवून कोळशाने ठसा घेण्याची जुनी पद्धत दिसायला निरुपद्रवी वाटते, पण भुसभुशीत झालेल्या दगडावर तेवढा दाबही पुरतो, म्हणून पुष्कळ दफनभूमींमध्ये तिला आता परवानगी नाही. साधं पाणी, मऊ ब्रश आणि खालून वर असा हात. तेही दगड ठणठणीत असेल तरच, आणि जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारून. मी पहिल्या भेटीत फक्त फोटो काढले. तीन अंतरांवरून काढले: अक्षरांचा, पूर्ण दगडाचा, आणि आजूबाजूच्या कबरींसह. तो तिसरा फोटो काढायचा कंटाळा करू नका. माणसं आपल्या माणसांजवळ पुरली जातात, आणि शेजारच्या दगडावरचं अनोळखी आडनाव पुढे कधी तरी ओळखीचं निघतं.

वयाची ओळ पूर्ण अशी होती: ‘वय २९ वर्षे ४ महिने १८ दिवस’. ही ओळ हातात येणं म्हणजे घबाड. मृत्यूच्या तारखेतून ती वजा केली की जन्मतारीख निघते. मी ओळीतल्या क्रमानेच गेले. ७ फेब्रुवारी १९१९ मधून २९ वर्षं काढली, ७ फेब्रुवारी १८९०. चार महिने काढले, ७ ऑक्टोबर १८८९. अठरा दिवस काढले, १९ सप्टेंबर १८८९. घरात कुणालाच माहीत नसलेली जन्मतारीख माझ्या वहीत उतरली, आणि मी लगेच फोन करून ती भावाला सांगितली.

वयाच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवं. जुन्या युरोपीय दगडांवर लॅटिनमध्ये ‘ॲनो एटाटिस सुए’ असं लिहून पुढे आकडा देतात. अर्थ असा की ‘वयाच्या अमुकाव्या वर्षी’. त्रेसष्टाव्या वर्षी मेलेला माणूस बासष्ट वर्षांचा असतो. इंग्रजी दगडावरही ‘त्रेसष्टाव्या वर्षात’ असं असेल तर तेच. हा एका वर्षाचा फरक पुढच्या सगळ्या शोधाला चुकीच्या पानावर नेतो. कालगणनाही बघावी लागते. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष कायद्याने २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखांना दगडावर ‘१७३१/२’ अशी दोन सालं एकत्र कोरलेली सापडतात. जॉर्ज वॉशिंग्टन जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ ला जन्मले, नव्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ ला. माणूस एकच, जन्म एकच. १७५२ मध्ये इंग्लंडने नवी दिनदर्शिका घेताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला. हिजरी सालात कोरलेलं वय चांद्र वर्षांचं असू शकतं, आणि ते वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्यामुळे सहासष्टचे सौर चौसष्ट होतात. ज्यू दगडांवर साल हिब्रू अक्षरांत असतं आणि बहुतेकदा हजारांचा आकडा गाळलेला असतो. ६८० वाचलं तर त्यात १२४० मिळवायचे, म्हणजे १९२०. त्यांचं वर्ष शरद ऋतूत बदलतं, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांसाठी एक कमी करायचा. पण त्याच दगडावर मृत माणसाच्या वडिलांचं नावही बहुतेक वेळा कोरलेलं असतं, त्यामुळे एका दगडात दोन पिढ्या हाती लागतात. ती पद्धत मला फार प्रेमळ वाटते.

माझ्याकडे जन्मतारीख होती, पण तिचा उपयोग करता येत नव्हता. बाप्तिस्म्याची नोंदवही बघायची तर पणजीचं माहेरचं आडनाव हवं, आणि ते कुणालाही आठवत नव्हतं. दगडावर ती ‘अमुक यांची पत्नी’ होती. वंशावळीतल्या बायका अशाच हरवतात. इंग्रजी दगडांवर ‘कॉन्सॉर्ट’ असेल तर समजायचं की नवऱ्याआधी गेली, ‘रेलिक्ट’ असेल तर नवऱ्यामागे राहिली. दोन्ही शब्दांत तिची ओळख नवऱ्याच्या जाण्यायेण्यावरून. स्कॉटलंडमधल्या दगडांचे फोटो वाचायला लागले तेव्हा मला सुखद धक्का बसला, कारण तिथे लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव दगडावर कोरायची जुनी रीत आहे. तिकडच्या माणसाला आजीकडचं घराणं शोधणं किती सोपं जात असेल!

हे फोटो मी वाचायला लागले ते पणजीच्या दगडाने लावलेल्या सवयीमुळे. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ नावाचं संकेतस्थळ १९९५ मध्ये जिम टिप्टन यांनी सुरू केलं, ते नामवंतांच्या कबरी शोधायच्या छंदापोटी. २०१३ मध्ये ते ॲन्सेस्ट्री या कंपनीने घेतलं. ‘बिलियनग्रेव्ह्ज’ २०११ पासून आहे, तिथे फोनने फोटो काढला की जागेचे अक्षांश-रेखांशही सोबत साठतात. जगभरची माणसं आपापल्या जवळच्या दफनभूमीत जाऊन फोटो काढतात आणि दुसरीच कुणी घरी बसून त्यावरची अक्षरं टंकतात. मी रात्री जेवणं झाली की तासभर हे टंकण्याचं काम करते. ज्यांचं मला काहीही लागत नाही अशा माणसांची नावं मी शक्य तितक्या काळजीने लिहिते, कारण १९११ ची चूक मला विसरता येत नाही. तुम्ही अशा ठिकाणी आपल्या पूर्वजाची नोंद शोधत असाल तर एकच करा: नोंदीवर थांबू नका, फोटो उघडा. फोटो नसेल तर ती नोंद म्हणजे कुणाचं तरी ऐकीव बोलणं समजा. दगडावर कधीच नसलेली आईबापांची नावं, जन्मगाव, लग्नाची तारीख अशा नोंदींत नंतर कुणीतरी भरलेली असते. ती खरी असू शकते, पण तिचा साक्षीदार दगड नाही.

दगडाची साक्ष मोलाची का, हे आयर्लंडच्या लोकांना विचारावं. जून १९२२ मध्ये डब्लिनमधल्या फोर कोर्ट्सच्या आगीत सार्वजनिक अभिलेखागार जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रं आणि चर्चच्या कितीतरी नोंदवह्या त्यात गेल्या. १८९० च्या अमेरिकी जनगणनेचंही तेच झालं. १९२१ च्या आगीने आणि विझवायला ओतलेल्या पाण्याने तिचं मोठं नुकसान झालं, आणि उरलेली जवळजवळ सगळी पुढे नष्ट केली गेली. दोन्हीकडचे लोक मग दगडांकडे वळतात. परदेशी जाऊन मेलेल्या आयरिश माणसाच्या दगडावर पुष्कळदा ‘अमुक परगण्यातला, अमुक पॅरिशमधला’ असं कोरलेलं असतं. जहाजाच्या कागदावर नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं, तिथे दगड गावापर्यंत नेऊन सोडतो. पण सगळीकडे दगडही राहत नाहीत. जर्मनीत कबरीची जागा ठरावीक मुदतीसाठी मिळते, साधारण वीस-तीस वर्षांसाठी. मुदत वाढवली नाही तर दगड काढून जागा दुसऱ्याला देतात. तिथे फोटो आणि दफनाची नोंदवही एवढाच आधार.

आता माझ्या दगडाकडे परत येते. तिसऱ्या फोटोने इथे काम केलं. आजूबाजूच्या कबरींसह काढलेला तो फोटो संगणकावर मोठा करून बघताना मला जाणवलं की पणजीचा दगड शेजारच्या दगडांपेक्षा बुटका आहे. घडण तशीच, रुंदी तशीच, वरची कमानही तशीच, पण उंची वीतभर कमी. दगड स्वतःच्या वजनाने जमिनीत उतरतात. दर पावसाळ्यात माती थोडी वर येते, दगड थोडा खाली जातो. म्हणजे वीतभर दगड मातीखाली होता.

परवानगी काढायला सव्वा महिना गेला. मग तिथले राखणदार आणि मी, दोघांनी मिळून गवत उपटलं आणि लाकडी पट्टीने माती बाजूला केली. लोखंड वापरू द्यायला ते तयार नव्हते आणि ते बरोबरच होतं. पाणी शिंपडून मऊ ब्रश फिरवला तेव्हा दोन ओळी निघाल्या. मातीने त्यांना पाऊस लागू दिला नव्हता, त्यामुळे त्या संबंध दगडावरच्या सर्वांत स्वच्छ ओळी होत्या. पहिलीत होतं, ‘हा दगड तिच्या भावाने उभारला’, आणि पुढे त्याचं नाव, आडनावासकट. दुसरीत फक्त साल, १९२६.

आडनाव! ते इथे लिहीत नाही, त्या घरातली माणसं आहेत आणि त्यांना मी अजून भेटायची आहे. पण मी ते मोठ्याने वाचलं, आणि राखणदारांनीही माझ्यामागून वाचलं, आणि माझी खात्री आहे की त्या जागी ते आडनाव कितीतरी वर्षांनी उच्चारलं गेलं.

त्याहून जास्त वेळ मी त्या १९२६ कडे बघत बसले. म्हणजे हा दगड ती गेल्यावर सात वर्षांनी उभा राहिला. नवऱ्याने नाही, भावाने केला. माझ्या चुलत भावाला मी नंतर हेच समजावून सांगितलं: दगडावर मेलेल्या माणसाचं नाव असतं, पण मजकूर जिवंत माणसाचा असतो. कुणी लिहून दिला, किती वर्षांनी दिला, त्याला काय माहीत होतं, काय सांगायचं नव्हतं, हे सगळं त्यात असतं. पाथरवट चुकतो. मुलं आईचं वय अंदाजाने सांगतात. कुणी जिवंतपणीच आपला दगड करून ठेवतं, मग मृत्यूचं साल कोरायला मागे कुणी उरत नाही आणि माणूस कागदोपत्री दीडशे वर्षं जगतो. कधी एका माणसाचे दोन दगड असतात, एक जिथे पुरलं तिथे आणि एक जिथली माणसं त्याची वाट बघत होती तिथे.

दगडावरचं नावही बदलू शकतं. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून १९१७ मध्ये इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं, आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. त्यांचे दगड सगळे सारखे, साधारण ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ रुंद, मग आत जनरल असो की शिपाई. घरच्यांना खाली एक ओळ कोरून घ्यायची मुभा होती, जास्तीत जास्त ६६ अक्षरांची, मधली रिकामी जागा धरून. न्यूझीलंडने आपल्या सैनिकांसाठी ही मुभा घेतलीच नाही, सगळे समान राहावेत म्हणून. कमिशनसाठी शब्द निवडून देणाऱ्या रडयार्ड किपलिंग यांचा स्वतःचा मुलगा जॉन १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. बापाने आयुष्यभर शोधला, सापडला नाही. १९९२ मध्ये कमिशनने एका अनाम लेफ्टनंटची कबर त्याची असल्याचं ठरवलं आणि दगड बदलला. ती ओळख बरोबर आहे का यावर पुढे पुष्कळ वाद झाले. सत्याहत्तर वर्षांनी दगडावर नाव आलं आणि तरी शंका राहिली. शोध घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. त्या कमिशनच्या नोंदी आता कुणालाही घरबसल्या बघता येतात, आणि त्यांत दगडावर नसलेली आईवडिलांची किंवा पत्नीची नावंही बऱ्याच ठिकाणी आहेत.

माहेरचं आडनाव मिळाल्यावर बाप्तिस्म्याची नोंद शोधायला एक दुपार पुरली. ३ नोव्हेंबर १८८९, रविवार. मुलीचं नाव, आईबापांची नावं, आणि जन्म: २० सप्टेंबर १८८९.

वीस. माझ्या वहीत एकोणीस होता.

एका दिवसाचा फरक कुणी मनावर घेणार नाही. मी घेतला. दुसरी कुणी मुलगी असेल का, त्याच नावाची, त्याच घरातली? असं होतं. पहिलं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. रात्री घरी येऊन मी वजाबाकी परत मांडली, आणि या वेळी दिवसांपासून सुरुवात केली. ७ फेब्रुवारीतून अठरा दिवस मागे गेलं की २० जानेवारी. तिथून चार महिने मागे, २० सप्टेंबर. तिथून २९ वर्षं, २० सप्टेंबर १८८९. आधी महिने काढले तर अठरा दिवस सप्टेंबरच्या तीस दिवसांतून जातात, आधी दिवस काढले तर जानेवारीच्या एकतीस दिवसांतून. फरक तेवढाच. दगड बरोबर होता, नोंदवही बरोबर होती, मी क्रम चुकीचा धरला होता. तेव्हापासून मी अशी वजाबाकी दोन्ही बाजूंनी करते आणि दोन्ही उत्तरं लिहून ठेवते.

आणि मग मला त्या भावाचं फार कौतुक वाटलं. सात वर्षांनंतर बहिणीचं वय दिवसांपर्यंत अचूक कोरून घेतो म्हणजे त्याच्याकडे तिची जन्मतारीख लिहिलेली असणार. माझा अंदाज, घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर. पुष्कळ ख्रिस्ती घरांत मुलांचे जन्म तिथेच लिहीत.

दफनाची नोंदवही मी सर्वांत शेवटी बघितली, ती खरं तर आधी बघायला हवी होती. दगड ज्याला परवडतो त्याचा होतो. नोंद सगळ्यांची होते. क्रमांक, तारीख, नाव, वय, कारण, कबरीचा क्रमांक अशी रकान्यांची ओळ. आमच्या घरात एवढंच सांगत आले होते की पणजी साथीत गेली. १९१८-१९ या दोन वर्षांत इन्फ्लुएंझाने जगभर इतकी माणसं गेली की कुणीही ते मान्य केलं असतं. रकान्यात कारण होतं, ‘बाळंतपण’.

माझं बोट खालच्या ओळीवर गेलं, कारण तिथे कबरीचा क्रमांक तोच होता. ९ फेब्रुवारी १९१९. नाव या रकान्यात आडवी रेघ. स्त्री. वय दोन दिवस.

दगडावर तिचा शब्दही नाही. मामाला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. कदाचित नाव ठेवलेलं नव्हतं म्हणून काय कोरायचं ते कळलं नसेल. पणजोबांनी पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं, ती नोंदही त्याच चर्चच्या वह्यांत आहे. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांनी या बाळाचा उल्लेख कधी केला नाही, निदान माझ्यासमोर नाही.

माझी आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. कानाने कमी ऐकू येतं, पण मन लख्ख. तिला मी सगळे कागद दाखवायला नेले. दगडाचे फोटो तिने भिंगातून बघितले. भावाच्या नावाशी आल्यावर म्हणाली, ‘हा बाबांचा मामा. बाबांना त्याची पत्रं यायची. पोस्टमन आला की बाबा स्वतः दारात जायचे. आम्हाला वाचू द्यायचे नाहीत.’

‘पत्रं आहेत कुठे?’

‘कुठली आता.’ तिने भिंग खाली ठेवलं.

मग मी नोंदवहीच्या पानाचा फोटो पुढे केला आणि ती दुसरी ओळ बोटाने दाखवली. अक्षर बारीक होतं म्हणून मीच वाचून दाखवलं, आडव्या रेघेसकट. आत्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी परत, जरा मोठ्याने सांगितलं: ‘आत्या, आजोबांना एक बहीण होती. दोन दिवसांची गेली.’

‘ऐकलं गं,’ ती म्हणाली. ‘मी हिशेब करत होते. म्हणजे मलाही एक आत्या होती.’